एका लग्नापुरती जागा

बायकोने मला टीव्हीच्या शोकेसमधला सगळ्यात खालचा कप्पा दिला. त्यातल्या जुन्या चादरी आणि बंद पडलेला मिक्सर काढून तिने तो स्वच्छ पुसला आणि म्हणाली, यात मावेल ते घ्या, याच्या बाहेर एक वायर जरी लोंबली तरी मी कात्रीने कापून टाकीन. तिचं चुकत नव्हतं. जळगावच्या मेहरूण भागात आमच्या दोनच खोल्या, आणि त्यातल्या एका खोलीतलं लोखंडी कपाट माझ्या डिस्कांनी अडवलेलं. तिच्या साड्यांच्या वरच्या फळीवर त्या रचून ठेवलेल्या, प्रत्येकीवर पांढरी पट्टी आणि पट्टीवर नवरा-नवरीची नावं. साडी ओढताना एखादी डिस्क खाली यायची, मग ती स्वयंपाकघरापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात सांगायची, "या, तुमच्या आणखी एकाचा संसार आपटला."

मी लग्नाचं शूटिंग करतो. जळगाव, भुसावळ, बोदवड, आणि तिकडे धुळ्यापर्यंत. कॅसेटच्या काळापासून हेच काम आहे. आमच्याकडे आहेराच्या वेळी पाहुण्यांबरोबर शूटिंगवाल्यालाही पुढे बोलावतात आणि टॉवेल-टोपी देतात. ती टोपी डोक्यावर आली की माणूस घरचा झाला, आणि घरच्या माणसाकडून जे धरून चालायचं ते लोक धरून चालतात. मी लग्नाची पूर्ण फिल्म पेनड्राइव्हमध्ये घालून देतो. महिन्याभरात तो पेनड्राइव्ह ट्रॅक्टरच्या टेपला लागलेला असतो आणि त्यात डीजेची गाणी भरलेली असतात. कुणाला त्याचं काही वाटत नाही, कारण शूटिंगवाल्या भाऊंकडे, म्हणजे माझ्याकडे, असेलच. मग काही वर्षांनी फोन येतो की आमचे आबा गेले, लग्नात ते आहेराला उभे होते, तेवढा तुकडा काढून द्या. मी देतो. मोठ्या शहरांतले शूटिंगवाले म्हणे ठराविक मुदतीनंतर सगळं पुसतात आणि तसं आधीच लिहून घेतात. मी तसं लिहून मागितलं तर लोक विचारतील, टोपी घेताना लिहून घेतलं होतं का.

असं साठत गेलं. शेवटी ठरवलं की घरातच एक छोटा सर्व्हर करायचा. सर्व्हर म्हटलं की लोकांना बँकेतलं मोठं कपाट आठवतं. माझ्या डोक्यात होता तो मिठाईच्या मोठ्या खोक्याएवढा एक डबा. त्यात चार डिस्क बसतील, तो दिवसरात्र चालू राहील, आणि कुठलंही लग्न घरच्या टीव्हीवर लावता येईल. तयार डबे मिळतात, पण सुटे भाग घेऊन आपणच जोडावा असं वाटलं. मला ते जमतं, आणि त्यात मन रमतं.

भाग निवडायला बसलो आणि अडकलो. केस, म्हणजे बाहेरचा डबा, लहान घ्यायची तर मदरबोर्डही लहान लागतो. लहान मदरबोर्डला डिस्क जोडायच्या जागा मोजक्या. जास्त जागांचा बोर्ड शोधला तर त्यावरचा प्रोसेसर तापणारा निघतो, तापणाऱ्या प्रोसेसरला उंच पंखा लागतो, आणि उंच पंखा त्या केसमध्ये मावत नाही. त्या केसला लागणारा छोटा पॉवर सप्लाय जळगावात मिळेना. नेहमीचा मोठा बसवायचा तर एका डिस्कची जागा जाते. डिस्कही साधी चालत नाही, सतत फिरत राहायला केलेली लागते, आणि ती जास्त तापते. इंटरनेटवर लोक लिहितात की खोलीचं तापमान पंचवीस अंश धरून हिशोब करा. आमच्या घरात मे महिन्यात पंचवीस अंश फक्त फ्रीज उघडल्यावर मिळतात. कूलरसमोर ठेवावं तर कूलरची हवा ओली. शोकेसचं दार बंद ठेवावं तर आत भट्टी. दार उघडं ठेवावं तर धूळ, आणि बायको.

बाजारात माझ्या ओळखीचा एक कॉम्प्युटरचा दुकानदार आहे. दर आठवड्याला मी त्याच्याकडे नवी जुळणी घेऊन जायचो. हा बोर्ड, ही केस, हा सप्लाय. तो गिऱ्हाईक सांभाळत ऐकायचा. एकदा म्हणाला, "भाऊ, तुम्ही आयुष्यभर लग्नं पाहिली. इतके गुण जुळवून कुणाचं लग्न झालेलं पाहिलं का? दोन गुण कमी पडू द्या, मांडव तरी उभा राहील." दुकानातले सगळे हसले. मीही हसलो, आणि घरी येऊन पुन्हा पहिल्यापासून शोधायला बसलो. दिवाळीला सुरू केलेली निवड होळी झाली तरी चालूच होती.

आता खरं लिहितो. मला भाग मिळत नव्हते असं नाही. मला ते घ्यायचे नव्हते.

कपाटातल्या एका जुन्या डिस्कमधून टकटक असा आवाज यायला लागला होता. ज्याला या कामाची माहिती आहे त्याला या आवाजाचा अर्थ कळतो. आज ना उद्या ती डिस्क जाणार, आणि तिच्यातलं सगळं घेऊन जाणार. सर्व्हरची घाई त्या डिस्कसाठीच होती. तिच्यात बरीच लग्नं होती, पण मला त्यातलं एकच दिसायचं.

मुलगी बोदवडकडची, मुलगा धुळ्याचा. दोन्ही घरं शेतकऱ्यांची, चांगली खातीपिती. लग्न थाटात झालं. हळदीच्या बँडपुढे मुलगा इतका नाचला की त्याचे मित्र त्याला धरून खाली बसवत होते आणि तो पुन्हा उठत होता. मला दोन्ही घरांनी टॉवेल-टोपी दिली. वर्षही झालं नव्हतं तोच तो मुलगा हायवेवर मोटरसायकलच्या अपघातात गेला.

पुढे मुलीच्या वडिलांनी तिचं दुसरं लग्न ठरवलं. मी त्यांना नाना म्हणतो. ते स्वतः रेल्वेने जळगावला आले, माझ्या घरी बसले, चहा निवू दिला. दुसऱ्या स्थळाला पहिल्या लग्नाचं सगळं माहीत होतं, त्यात लपवाछपवी नव्हती. पण माहीत असणं वेगळं आणि दिसणं वेगळं, असं ते म्हणाले. मोबाइलवर कुठून काय फिरत येईल सांगता येत नाही. आपली पोर दुसऱ्याच्या मांडवात नवरी म्हणून उभी आहे, हे तिच्या नव्या घरातल्या कुणाला कधीही दिसू नये. त्यांनी दोन्ही हातांनी माझा हात धरला आणि तेवढं पुसून टाकायला सांगितलं. मी म्हणालो, हो नाना. आठवड्याने त्यांचा फोन आला. पुसलं का, विचारलं. मी म्हणालो, पुसलं.

मी पुसणारच होतो. ते फोल्डर उघडून बसलोही होतो. उद्या करू म्हणून उठलो, कारण पाच तासांचं एक लग्न एका बोटाने नाहीसं करायचं काम मी त्याआधी कधी केलं नव्हतं. आणि मग अक्का आली.

अक्का म्हणजे त्या मुलाची आई. घरी धुळ्यात तिला मुलाचं नाव काढता येत नाही. त्याच्या वडिलांनी भिंतीवरचे फोटो उतरवले, आणि एकदा मुलाचा जुना मोबाइल कपाटात सापडला तर तो नेऊन विहिरीत टाकला. ते वाईट गृहस्थ नाहीत. त्यांना सोसत नाही, एवढंच. त्यामुळे घरात पेनड्राइव्ह ठेवायचा प्रश्नच नव्हता. अक्काची एक मुलगी जळगावात दिली आहे. डोळे तपासायचे आहेत असं घरी सांगून अक्का तिच्याकडे येते, आणि तिथून रिक्षा करून माझ्याकडे. पहिल्यांदा आली तेव्हा दारातच थांबली. आत ये म्हटलं तरी येईना. मग विचारलं,

"भाऊ, तुमनाजोडे शे ना मना पोऱ्या?"

माझा मुलगा तुमच्याजवळ आहे ना, असं. मी म्हणालो, शे, अक्का. ती आत आली, टीव्हीसमोर खाली बसली. मी खुर्ची दिली ती तिने घेतली नाही. तिला फक्त हळद पाहायची होती. आवाज बंद ठेवायला सांगितला. मुलगा नाचत होता, मित्र बसवत होते, तो उठत होता. संपल्यावर तिने डोळे पुसले नाहीत की काही नाही, पदर सावरला आणि माझ्या बायकोला विचारलं की तुमच्याकडे पाणी रोज येतं का.

तेव्हापासून ती वर्षातून दोनतीनदा येते. नानांना मी "पुसलं" म्हणालो आहे आणि अक्काला "शे" म्हणालो आहे, आणि दोन्ही शब्द माझ्याच तोंडचे. नाना लग्नात भेटतात तेव्हा मला आवर्जून पंगतीत स्वतःशेजारी बसवतात. मी चार घास खाऊन कॅमेऱ्याचं निमित्त करून उठतो.

म्हणून त्या टकटक आवाजाची मला भीती वाटायची आणि आधारही वाटायचा. डिस्क आपोआप गेली असती तर मी दोघांशीही खरं बोलू शकलो असतो. नानांना सांगितलेलं खरं झालं असतं, आणि अक्काला म्हणता आलं असतं, अक्का, मशीनच गेलं, माझा काय इलाज. मी सुटलो असतो. मला फक्त भाग निवडत राहायचं होतं. एक केस नको, दुसरी बघू. हा सप्लाय मागवला असता पण त्याची वायर आखूड आहे म्हणतात. दोन डिस्क एकमेकींचा आरसा म्हणून ठेवायच्या की चार, यावर मी पंधरवडा काढला. आरशासारख्या ठेवल्या की एक बिघडली तरी दुसरीवर सगळं शाबूत राहतं. पण एकीवरचं पुसलं की दुसरीवरचंही त्याच क्षणी पुसलं जातं. हे वाचताना मला वाटायचं, ही यंत्रणा माझ्यापेक्षा बरी, तिच्याकडे दोन तोंडं असून ती एकच बोलते.

नाना येऊन गेले हे बायकोला माहीत होतं, ते काय मागून गेले ते माहीत नव्हतं. तिला वाटायचं, अक्का येतात, त्यांना पाहू द्यावं, पुण्याचं काम आहे.

या उन्हाळ्यात आखाजीच्या आदल्या दिवशी अक्का आली. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्याकडे लेकी माहेरी येतात, झोके बांधतात, आणि घरोघर गेलेल्या माणसाच्या नावाने घागर भरतात. तिच्या घरीही भरायची होती. घागर पुजताना सगळ्यांसमोर रडू फुटू नये, म्हणून आधीच बघून घेते, असं ती माझ्या बायकोला म्हणाली. मी डिस्क जोडली. हळद सुरू झाली, बँडवाला दिसला, मुलाने हात वर केले आणि चित्र तिथेच थांबलं. डिस्क टकटक करत राहिली. मी वायर काढून पुन्हा लावली. पुन्हा तिथेच. मुलाचे हात वर, तोंड उघडं, अर्धा चेहरा हिरव्या चौकोनांनी झाकलेला.

अक्का घाबरली नाही. ती बराच वेळ तशीच बघत राहिली. मग मला म्हणाली, "आते तो दमी ग्या व्हई. ऱ्हाऊ द्या, भाऊ." आता तो दमला असेल, राहू द्या. आणि उठली. जाताना तिने माझ्या हातात घरचे पापड दिले.

ती गेल्यावर बायको माझ्यासमोर येऊन बसली. ही डिस्क खराब झालेली तुम्हाला कधीपासून माहीत होतं, असं तिने विचारलं. मी दिवाळीपासून म्हणालो. मग सगळंच सांगितलं. नाना, त्यांनी धरलेला हात, माझा शब्द. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने कप्प्याकडे पाहिलं, तिथे अजून काहीच नव्हतं, आणि म्हणाली,

"म्हणजे तुम्ही डबा निवडत नव्हता. ती डिस्क मरायची वाट बघत होता."

मी मान हलवली. ती पुढे म्हणाली, "जे करायचं ते स्वतःच्या हाताने करा. पुसायचं तर पुसा. मशीनवर ढकलू नका." नंतर दिवसभर ती माझ्याशी गरजेपुरतंच बोलली.

दुसऱ्या दिवशी मी दुकानात गेलो आणि पहिल्या भेटीत दुकानदाराने सुचवलेली आणि मी नाकारलेली जुळणी होती तीच घेतली. केस कप्प्यापेक्षा थोडी खोल होती. बोर्ड साधा, प्रोसेसर थंड जातीचा, चित्र दाखवण्याची सोय त्यातच. सप्लाय नेहमीचा मोठा, म्हणून चारऐवजी तीनच डिस्क. दोन आरशासारख्या, आणि तिसरी वेगळी, दुसऱ्या प्रतीसाठी. दुकानदाराने माझ्याकडे नीट पाहिलं आणि काही चेष्टा केली नाही. घरी आल्यावर शोकेसची मागची फळी काढली, पुढचं दार बिजागऱ्यांसकट काढून माळ्यावर टाकलं. वायर एक हात लोंबत होती. बायकोने कात्री आणली नाही.

दुपारी, कूलर बाजूला वळवून, मी जुन्या डिस्कवरचं एकेक लग्न नव्या डब्यात घ्यायला लागलो. आधी बाकीची घेतली. ती सरळ आली. ते फोल्डर शेवटी ठेवलं. कर्सर त्याच्यावर नेला, आणि पहिल्यांदा जाणवलं की आता कुणीच माझ्या वतीने ठरवणार नाही. नानांचे हात आठवले. मुलीचा चेहरा आठवला. ती आता दुसऱ्या घरी आहे, तिने माझ्याकडे कधीच काही मागितलं नाही, आणि तिला काय हवं ते आमच्यापैकी कुणी तिला विचारलंही नाही. अक्काचं "दमी ग्या व्हई" आठवलं. मी फोल्डर ओढून नव्या डब्यात टाकलं.

जुनी डिस्क अडखळत होती. हळदीपाशी ती इतका वेळ थांबली की मी हात जोडून बसलो होतो, हे लिहायला मला लाज वाटत नाही. मग ती पुढे सरकली. पंगतीचा एक तुकडा आला नाही, बाकी सगळं आलं.

आणि मग मी माझ्या मते जे योग्य होतं ते केलं. नानांना फोन लावला. बायकोने स्वतःच्या हाताने करा म्हटलं होतं, आणि मला वाटलं की अर्धं करून चालणार नाही. मी त्यांना सांगितलं की ते लग्न मी पुसलेलं नव्हतं. तेव्हाही नाही, आजही नाही. आज ते नव्या मशीनवर घेतलं आहे, आणि मुलाची आई ते बघायला येते, फक्त मुलाचा हळदीतला नाच. माझ्या घराबाहेर ते कधीही जाणार नाही. तुम्हाला खोटं बोललो, माफ करा.

पलीकडे त्यांच्या अंगणातल्या बायकांचा आवाज येत होता. झोक्याची कडी वाजत होती. ते शिव्या देतील, अशी माझी तयारी होती.

"तुम्ही पुसलं म्हणालात ना," ते हळू आवाजात म्हणाले, "तेव्हा मी पोरीला तसं सांगितलं होतं. तिने विचारलं नव्हतं. मीच सांगितलं, की बाई, आता ते कुठेच नाही."

मी कूलर बंद केला, म्हणजे त्यांचं नीट ऐकू येईल.

"ती आखाजीला आलीय. बाहेर झोक्यावर बसलीय. आता मी तिच्यासमोर काय तोंड घेऊन जाऊ?"

मी म्हणालो, तिला नका सांगू, नाना.

"म्हणजे जे तुम्ही माझ्याशी केलं, ते मी तिच्याशी करू."

मग त्यांनी विचारलं की तिचं त्यात किती आहे. मी म्हणालो, लग्न म्हटल्यावर सगळीकडेच आहे. ती त्यात कशी दिसते, असं त्यांनी विचारलं. मला खोटं बोलता आलं असतं. मी म्हणालो, हसतेय, नाना. बऱ्याच ठिकाणी हसतेय. पलीकडून पुन्हा झोक्याची कडी ऐकू आली, आणि कुणीतरी त्यांना आत जेवायला बोलावत होतं, नाना, पुरणपोळ्या निवतील म्हणून.

"पुसा म्हणायला आता तोंड उघडत नाही," ते म्हणाले. "ठेवाही म्हणवत नाही. भाऊ, तुम्ही मला हे सांगायला नको होतं."

त्यांनी फोन ठेवला.

माझं मन हलकं होईल म्हणून मी फोन केला होता. खरं म्हणजे, थोडं झालंही. तेच मला सगळ्यात वाईट वाटतं. जे मी इतका काळ एकट्याने बाळगलं होतं ते एका भल्या माणसाच्या पदरात टाकलं, तेही सणाच्या दिवशी, पोर माहेरी आलेली असताना. त्यानंतर नानांचा फोन आलेला नाही. त्यांच्या भावकीतलं एक लग्न मला मिळायचं होतं, त्यासाठी दुसऱ्याला बोलावल्याचं कळलं. त्यात मला राग नाही.

अक्काच्या मुलीने निरोप दिला आहे की श्रावणात आई येणार आहे. डबा चालू आहे, फार तापत नाही. अक्काला नानांचं सांगावं का, हे मी बायकोला विचारलं. ती भाजी निवडत होती. तिने वर न बघता विचारलं, कुणासाठी सांगणार आहात. अजून मी काही ठरवलेलं नाही.